सांगकाम्या, धूळपाटी आणि १९१६ चं नागपूर

नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलं, याबद्दल वाद नाही. साल मात्र कुणी १७०२ लिहितं, कुणी १७०३. विकिपीडियावर अशा एका आकड्यापायी किती ओढाताण होते, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. एक जण येतो, दोनाचे तीन करतो आणि कारण न देता निघून जातो. महिनाभराने दुसरा तिनाचे दोन करतो. मग कुणीतरी बसून जुनी गॅझेटियरं चाळतं, दोन्ही सालं संदर्भासकट लिहितं आणि पुढची काही वर्षं त्या ओळीवर पहारा ठेवतं. घरच्यांनी विचारलेलं असतंच, “याचे पैसे किती भेटतात?”

भेटत नाहीत. पण मराठीत कोशाचं काम सुरू करताना पैशाची बाजू कशी सांभाळायची, हा प्रश्न याच शहरात शंभरावर वर्षांपूर्वी विचारला गेला होता. श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले रायपूरला, १८८४ साली. शाळा अमरावतीची. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते १९१२ मध्ये परतले. एवढा शिकलेला माणूस एखाद्या संस्थानिकाच्या दारात उभा राहून देणगी मागेल, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी १९१६ मध्ये नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली, ज्ञानकोशासाठी. भागभांडवल गोळा करायचं, वर्गणीदार जमवायचे आणि त्यावर विश्वाचं ज्ञान छापायचं! नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. कचेऱ्या, कोर्ट, वकील आणि वाचणारा मराठी मध्यमवर्ग इथे होता. पुढे कोशाचं बिऱ्हाड पुण्याला गेलं आणि विसाच्या दशकात एकामागून एक करत २३ खंड झाले. पहिले पाच नुसते प्रस्तावनेचे. आम्ही विकिपीडियावाल्यांपैकी कुणी लेखाला एवढी प्रस्तावना लावली असती, तर ‘विकिकरण करा’, म्हणजे लेख रीतसर मांडा, अशी सूचनेची पाटी डोक्यावर बसली असती.

त्या २३ खंडांत शेवटी पुरवणी आहे, आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. ‘अ’ छापून ‘ह’पर्यंत येईस्तोवर जग पुढे सरकलेलं असतं. छापील कोशाला देखभाल म्हणून एवढंच करता येतं: मागे एक जोडपत्र. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश घ्या. पहिला खंड १९७६ चा आणि विसाव्याचं काम संपलं २०१५ मध्ये. काम अस्सल, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं. पण पहिल्या खंडातल्या अंटार्क्टिकावरच्या नोंदीला भारताची पहिली मोहीम १९८२ च्या जानेवारीत तिथे उतरली हे कुठून कळणार? दोष संपादकांचा नाही, शाईचा आहे.

शाईवरचा तोडगा परदेशात निघाला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये कुणालाही बदलता येईल असं पान बनवलं आणि होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून त्याला नाव दिलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उघडला, आणि मराठी आवृत्ती आली १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी. (विदर्भवाद्यांनी यावर काय म्हणावं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.)

झटपट हा शब्द मात्र मराठीला लागू व्हायला वेळ लागला. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मराठी पान उघडलं की चौकोनी डबे दिसायचे. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे, त्यासाठी मूळ सीडी लागे, आणि कॅफेवाला ती कशाला देतोय? डबे गेले तरी ‘विदर्भ’मधली वेलांटी ‘व’पासून तुटून ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळायची. घरोघरी टंकलेखन व्हायचं ते जुन्या फॉन्टांत, आणि तो मजकूर तिथून उचलून इथे चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. ‘दऱ्या’मधला र तर आणखी छळवादी. तो डोक्यावर रफार होऊन बसायचा आणि ‘दर्या’, म्हणजे समुद्र व्हायचा. एका खुणेच्या फरकाने सातपुड्यात समुद्र! त्या काळात ज्यांनी लेख लिहिले, त्यांची निम्मी मेहनत कळफलकाशी झुंजण्यात गेली. २०११ च्या सुमारास पानातच मराठी टंकनाची सोय आली, तेव्हा कुठे नवे लोक टिकायला लागले.

पण या सुरुवातीच्या मंडळींनी एक काम असं केलं की त्याला तोड नाही: शब्द घडवले. सगळ्यांनी बोलायचं पान म्हणजे ‘चावडी’. नवशिक्याने गिरवायची जागा ‘धूळपाटी’. नासधूस म्हणजे ‘उत्पात’, ती आवरायचे अधिकार असलेला ‘प्रचालक’. आणि आपोआप बदल करत फिरणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे बॉटला, ‘सांगकाम्या’! सांगितलं तेवढंच करणारा, डोकं न चालवणारा गडी. शासकीय परिभाषेची एखादी समिती बसली असती, तर ‘स्वयंचलित संपादन-प्रणाली’ असं काहीतरी पदरात पडलं असतं.

या सांगकाम्यांनी खरंच राबून दिलं. जुन्या लेखाचा ‘इतिहास पाहा’, म्हणजे त्यात झालेल्या बदलांची यादी, उघडली की दहातल्या सात-आठ ओळी त्यांच्याच दिसतात. तेव्हा एका विषयावर दुसऱ्या भाषेत नवा लेख झाला की त्याचा दुवा बाकी प्रत्येक भाषेच्या पानावर वेगळा टाकावा लागे. विकिडेटा हा सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचा सामाईक माहितीसाठा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला, पुढच्या वर्षी हे दुवे एकाच ठिकाणी गेले आणि ती हमाली संपली. उरली ती यंत्राला न जमणारी.

बिनपुराव्याच्या वाक्याला आम्ही ‘संदर्भ हवा’ अशी शेपटी लावतो. ती का हवी, ते एका किश्श्यातून कळतं. २००५ मध्ये जॉन सिगेनथेलर या अमेरिकन पत्रकारावरच्या इंग्रजी विकिपीडियातल्या लेखात कुणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडून ठेवला आणि ते खोटं चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजीत नाव न नोंदवता नवं पान बनवणं बंद झालं, आणि हयात व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले. मराठीत आमचं दुखणं जरा वेगळं. इथे बदनामीपेक्षा आरती जास्त. ‘थोर’, ‘परमपूज्य’, ‘कार्यसम्राट’. विशेषणं काढली की चर्चापानावर भांडण ठरलेलं, कारण मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘तो आमदार होता’ लिहिलं तर उद्धटपणा, ‘ते आमदार होते’ लिहिलं तर तटस्थपणा गेला म्हणणारे आहेतच. माझं मत सरळ आहे: आदरार्थी बहुवचन ठेवा, विशेषणं उडवा.

नागपूरचं आणखी एक खास दुखणं म्हणजे हिंदीचा शेजार. मराठीच्या नियमाप्रमाणे गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व. स्टेशनवर दोन्ही पाट्या दिसतात. एका महाविद्यालयात मी विकिपीडियाची कार्यशाळा घेतली होती. दोन तासांत पोरांनी उत्साहाने लेख केले, आणि निम्म्यांत ‘नागपुर’, ‘स्थित है’चं ‘स्थित आहे’, अन् संत्र्यांचा इतिहास एका वर्तमानपत्रातून जसाच्या तसा. प्रताधिकाराचा भंग म्हणून रात्री बरेच लेख काढावे लागले. काढलेही मीच. दुसऱ्या दिवशी त्यातली एकच मुलगी चावडीवर भांडायला आली. ती अजून लिहितेय.

‘अलीकडील बदल’ या पानावर प्रत्येक बदलापुढे किती मजकूर वाढला वा घटला त्याचा आकडा असतो. देवनागरी अक्षराला साधारण तीन बाइट लागतात, म्हणून हजार अक्षरं कुणी उडवली की लाल रंगात उणे तीन हजार दिसतं. असा लाल आकडा जयंत्यांच्या आणि निवडणूक निकालांच्या दिवशी हमखास येतो. तो लगेच कळतो. कळत नाही ते शिळं झालेलं वाक्य. शहराची लोकसंख्या आजही २०११ ची, २४,०५,६६५. पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, तर बदलायचं काय?

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. परवा हिंगण्याकडच्या एका गावाच्या लेखात अजून ‘महामार्गाचे काम प्रगतिपथावर आहे’ असं वाक्य सापडलं. बदललं, बातमीचा संदर्भ जोडला, सारांशाच्या चौकटीत ‘काम झाले’ लिहिलं. पाच मिनिटांत एक सांगकाम्या येऊन माझ्या पूर्णविरामाआधीची जादा मोकळी जागा काढून गेला.