बेडूक उन्हाळ्यात जातात कुठे?

मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीकडच्या शेतांत ढेकळांना हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. बेडूक औषधालाही सापडत नाही. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला, की त्याच रात्री त्याच शेतात कान किटेपर्यंत डराव डराव सुरू. एवढे बेडूक आले कुठून? आले कुठूनच नाहीत, तिथेच खाली मातीत होते.

या अवस्थेला इंग्रजीत एस्टिव्हेशन म्हणतात. हायबरनेशन शाळेतली पोरंही सांगतील, हा तिचा उन्हाळी भाऊ मात्र फारसा कुणाच्या तोंडी नसतो. लॅटिनमध्ये 'एस्टास' म्हणजे उन्हाळा. पूर्वी माणसं थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळा घालवायला जात, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द चाले. अकरावीच्या जीवशास्त्रात तो भेटतो तो तिसऱ्याच अर्थाने: कळीत पाकळ्या एकमेकींवर कशा बसल्या आहेत ती रचना. जास्वंदीची कळी पिळवटलेली दिसते ना, तीच.

मराठीत ग्रीष्मनिद्रा म्हणतात खरं, पण ही झोप नव्हे. शरीराचा सगळा कारभार मंदावतो, श्वास कमी, खाणं बंद. खरा शत्रू उकाडा नसून कोरडेपणा आहे. म्हणून सगळी धडपड पाणी राखायची. शेतातले कोंगे, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, चिखलात शिरून कवचाचं झाकण घट्ट लावून घेतात. ऑस्ट्रेलियातला एक बेडूक मूत्राशयात पाणी साठवतो आणि स्वतःच्याच गळलेल्या कातडीचं वेष्टण करून आत बसतो. त्याच देशातल्या दुसऱ्या एका बेडकाचे स्नायू महिनोन्‌महिने न हलताही फारसे झडत नाहीत. आपला पाय दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला तर काडीसारखा होतो, त्यामुळे संशोधकांना या बेडकाचं भारी अप्रूप.

सगळ्यांवर कडी केली ती इजिप्तच्या एका वाळवंटी गोगलगायीने. ब्रिटिश म्युझियममध्ये मार्च 1846 मध्ये तिचा शंख रिकामा समजून पुठ्ठ्यावर चिकटवला. चार वर्षांनी, मार्च 1850 मध्ये, कुणाला तरी शंका आली. कोमट पाण्यात ठेवताच बाई बाहेर येऊन चालू लागल्या!

आपल्या बेडकांना उठवतो तो पाऊस. महिनोन्‌महिन्यांचा उपास सोडायचा आणि लगेच जोडीदारही शोधायचा, अशी दुहेरी घाई. भातशेतातल्या मोठ्या बेडकाचा नर या दिवसांत पिवळाधमक होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या होतात. लपून राहण्याची सवय असलेला हा प्राणी तेव्हा उघड्यावर बसून ओरडत असतो, आणि नेमक्या त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं शेतात उतरतात. 'जंपिंग चिकन' नावाने ताटात येतं ते हेच. बेडूक पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही 1987 पासून बंद आहे, तरी पावसाळा आला की वनखात्याला गस्त घालावीच लागते.