नवा ग्राहक खरंच पाचपट महाग पडतो का?

‘जुना ग्राहक टिकवण्यापेक्षा नवा मिळवायला पाचपट खर्च येतो’ हे वाक्य धंद्याच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. त्याचा रोख बरोबर आहे, पण ‘पाच’ हा आकडा सगळ्या धंद्यांना लागू पडत नाही.

आपल्याच वहीत बघा. समजा, घरगुती मसाले ऑनलाइन विकता. तिमाहीत जाहिरात आणि पहिल्या ऑर्डरची सूट मिळून ३०,००० रुपये गेले, ६० नवे ग्राहक आले. म्हणजे माणशी ५०० रुपये. फुटलेल्या बरण्या बदलून देणं, मोफत कुरिअर, फोन घेणाऱ्या ताईंचा पगार यावर ४०,००० गेले आणि २०० जुन्यांनी पुन्हा मागवलं. माणशी २००. झाले अडीच पट! (बरेच जण हा पगार धरतच नाहीत, मग जुना ग्राहक फुकटात टिकला असं वाटतं.)

आणखी एक गोम आहे. त्या २०० पैकी काही जण तुम्ही काहीही न करता परतलेच असते. ते तपासायचं तर पुढच्या वेळी निम्म्या जुन्या ग्राहकांना, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, कूपन पाठवा, उरलेल्यांना नको. दोन महिन्यांनी दोन्हीकडच्या ऑर्डरी मोजा.