प्रोग्राम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टीम कुठे असते?

कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय येतो. शिवाजी विद्यापीठाचं आवार असो, नाहीतर गडहिंग्लज-कागलचं कॉलेज, मुलांच्या तोंडी तो नुसता ‘ओएस’. परीक्षा जवळ आली की त्याचं रूप ठरून जातं. चार-पाच प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्राम), त्यांचे अरायव्हल टाइम, बर्स्ट टाइम, मग गँट चार्ट, म्हणजे कोण केव्हा चाललं याची पट्टी, काढा आणि सरासरी वेटिंग टाइम सांगा. सोबत पेज रिप्लेसमेंटचं एक गणित आणि बँकर्स अल्गोरिदमचा एक तक्ता. मुलं ही गणितं चोख सोडवतात, मार्कही मिळवतात. तरी त्यांना एक साधा प्रश्न विचारून बघावा: तुमचा प्रोग्राम प्रोसेसरवर चालू असतो, नेमक्या त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टीम काय करत असते?

“लक्ष ठेवून असते की,” हे कोल्हापुरात हमखास मिळणारं उत्तर.

खरं उत्तर असं, की ती काहीच करत नसते. ऑपरेटिंग सिस्टीम हासुद्धा एक प्रोग्रामच आहे, आणि प्रोसेसरचा एक कोअर एका वेळी एकाच प्रोग्रामच्या सूचना पाळतो (एका कोअरला दोन कामं एकदम करायला लावणाऱ्या हायपरथ्रेडिंगची गोष्ट इथे बाजूला ठेवू). तो कोअर तुमच्या प्रोग्रामच्या सूचना पाळत असेल, तर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, सूचना तो पाळत नाही. एखादा हुशार विद्यार्थी इथे म्हणतो, आता चार-आठ कोअर असतात, त्यातला एक ओएससाठी राखून ठेवलेला असेल. तसंही नसतं. विंडोज काय, लिनक्स काय, सगळे कोअर कामाला लावतात, आणि एकाच कोअरच्या जमान्यातही या सिस्टीम व्यवस्थित चालत होत्या. मग तुमच्या प्रोग्रामने अनंत लूप लावला तर त्याच्या हातून प्रोसेसर काढून कोण घेतं? ज्याला काढून घ्यायचा आहे तो स्वतः तर चालतच नाही.

या एका प्रश्नात अख्खा विषय आहे असं माझं मत आहे. गँट चार्टच्या आधी तो फळ्यावर लिहिला पाहिजे.

प्रश्न नुसता पुस्तकी नाही. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये, आणि ॲपलच्या मॅक ओएसमध्ये तर थेट नवव्या आवृत्तीपर्यंत, प्रोग्रामने आपणहून प्रोसेसर सोडायचा अशीच रीत होती. एखाद्या प्रोग्रामने तो सोडलाच नाही तर बाकीचे सगळे खोळंबायचे आणि शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू करावी लागायची. त्या काळी कॉम्प्युटर वापरलेल्यांना तो थिजलेला स्क्रीन आठवत असेल.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. तो हार्डवेअरमध्ये आहे. प्रोसेसरजवळ एक टायमर असतो. कॉम्प्युटर सुरू होताना, म्हणजे अजून सगळा ताबा कर्नलकडेच असताना, कर्नल दोन कामं उरकून ठेवतो. टायमरला सांगतो की ठरावीक वेळाने इशारा दे. आणि प्रोसेसरला सांगतो की इशारा आला की मेमरीतल्या अमुक पत्त्यावर जा. त्या पत्त्यावर कर्नलचाच कोड असतो. एवढी तजवीज झाल्यावर तो निर्धास्तपणे तुमच्या प्रोग्रामला प्रोसेसर देऊन टाकतो. पुढे टायमर वाजला, म्हणजे इंटरप्ट आला, की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो ते टिपून ठेवतो आणि कर्नलच्या कोडवर उडी मारतो. कर्नल तुमच्या प्रोग्रामची रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतले आकडे, जपून ठेवतो, पुढचा नंबर कोणाचा ते शेड्युलरला ठरवू देतो आणि त्याची रजिस्टर भरून त्याला सोडतो. हाच तो कॉन्टेक्स्ट स्विच. तुमच्या प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. पुन्हा पाळी आली की तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे जातो.

लिनक्समध्ये हा इशारा सेकंदाला २५० वेळा यावा अशी रचना बरीच प्रचलित आहे, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एकदा. आपल्याला ४ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात १ कोटी २० लाख ठोके पडतात. गाणं ऐकता ऐकता टाइप करताना दोन्ही एकदम चालल्यासारखी वाटतात ती यामुळे.

आता पुढची शंका यायलाच हवी. एखाद्या आगाऊ प्रोग्रामने टायमरच बंद केला तर? तेही हार्डवेअरच अडवतं. प्रोसेसर दोन अवस्थांत चालतो: कर्नलची अधिकार असलेली अवस्था आणि सामान्य प्रोग्रामची मर्यादित अवस्था. टायमर बदलणं, इंटरप्ट बंद करणं, डिस्कशी थेट बोलणं या सूचना मर्यादित अवस्थेत चालतच नाहीत. तसा प्रयत्न केला की प्रोसेसर पुन्हा कर्नलकडेच जातो आणि कर्नल बहुधा तो प्रोग्राम संपवतो. फाइल उघडायची तर कर्नलला रीतसर विनंती करावी लागते, तिला सिस्टीम कॉल म्हणतात. सी या भाषेत प्रिंटएफ लिहून पडद्यावर अक्षरं उमटवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नकळत सिस्टीम कॉल केलेला असतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. आपण आज शिकतो त्या टाइम-शेअरिंगची ती सुरुवातीची पावलं.

हे सगळं प्रत्यक्ष बघता येतं, आणि जुन्या लॅपटॉपवरही बघता येतं. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचं एक फोल्डर असतं, त्यात चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचं एक फोल्डर, आणि त्यात ‘स्टेटस’ नावाची फाइल. तिच्या तळाशी दोन आकडे असतात. या प्रोसेसने आपणहून किती वेळा प्रोसेसर सोडला तो पहिला, आणि तिच्याकडून किती वेळा काढून घेतला गेला तो दुसरा. अनंत लूपचा दोन ओळींचा प्रोग्राम चालवा, त्याचा स्टेटस थोड्या थोड्या वेळाने बघा. दुसरा आकडा वाढत जाईल. मग टेक्स्ट एडिटरचा बघा. त्याचा पहिला आकडा वाढतो, कारण तुम्ही पुढची की दाबेपर्यंत तो बिचारा झोपलेला असतो. लूपवाल्या प्रोसेसचा दुसरा आकडा डोळ्यांदेखत वाढताना बघितला, की राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने प्रोसेसर देण्याची रीत, पाठ करावी लागत नाही.

मेमरीचीही हीच गोष्ट. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ७ डिसेंबर १९६२ ला, इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस नावाच्या कॉम्प्युटरचं उद्घाटन झालं. टॉम किलबर्न यांच्या गटाने बांधलेल्या या यंत्रात वेगवान पण छोटी मेमरी आणि संथ पण मोठा चुंबकी ड्रम होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. ५१२ शब्दांची (शब्द म्हणजे इथे मेमरीतलं एकक) एकेक पानं यंत्र स्वतःच गरजेप्रमाणे आत-बाहेर करायचं. आज आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो तिचा जन्म इथला. आपल्या कॉम्प्युटरमध्ये हे पान बहुधा ४०९६ बाइटचं असतं. ८ जीबी मेमरीत अशी जवळजवळ २१ लाख पानं मावतात.

प्रत्येक प्रोसेससाठी कर्नल एक पेज टेबल बनवून ठेवतो: प्रोसेसला दिसणारा पत्ता आणि खऱ्या मेमरीतलं पान यांची सांगड. प्रोग्राम चालताना प्रत्येक पत्त्याचं भाषांतर प्रोसेसरच करतो, कर्नल तिथेही नसतो. टेबलात नोंद सापडली नाही, किंवा त्या पानात लिहायची परवानगी नसली, तरच पेज फॉल्ट होतो आणि कर्नलला बोलावणं जातं.

इथे एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सी मध्ये एक व्हेरिएबल घ्या, त्यात ५ ठेवा. मग फोर्क हा सिस्टीम कॉल करा. एका प्रोसेसच्या दोन होतील, मूळची आणि तिची प्रत. प्रतीमध्ये त्या व्हेरिएबलची किंमत ७ करा. आता दोघींकडून व्हेरिएबलचा पत्ता आणि किंमत छापून घ्या. पत्ता दोन्हीकडे तंतोतंत एकच येतो, आणि किंमत एकीकडे ५, दुसरीकडे ७! एकाच पत्त्यावर दोन किमती कशा? कारण तो पत्ता खऱ्या मेमरीचा नव्हताच. फोर्क झाल्यावर काही काळ दोघी एकच पान वापरत होत्या. प्रतीने त्यात लिहायला हात घातला, तेव्हा कर्नलने तिला त्या पानाची वेगळी नक्कल करून दिली. पॉइंटर शिकताना पत्ता म्हणजे मेमरीतली जागा असं आपण घोकलेलं असतं. ती समजूत इथे पहिल्यांदा मोडते, आणि ती मोडणं फार गरजेचं आहे.

टायमर केव्हाही वाजू शकतो, याची किंमतही मोजावी लागते. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामचे एकदम चालणारे दोन धागे, एकाच काउंटरमध्ये प्रत्येकी १० लाख वेळा १ मिळवत असतील, तर उत्तर २० लाख यायला हवं. ते बहुतेक वेळा कमी येतं, आणि दर वेळी वेगळं. १ मिळवणं म्हणजे आकडा वाचणं, वाढवणं आणि परत लिहिणं. वाचल्यावर आणि लिहिण्याआधी पाळी बदलली, किंवा दुसऱ्या कोअरने तेवढ्यात तोच आकडा वाचला, की एक बेरीज हरवते. हे टाळण्यासाठी एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात सेमाफोर ही कल्पना मांडली: एकाचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. डेडलॉकचं, म्हणजे सगळेच एकमेकांसाठी थांबून अडकण्याचं, प्रकरण पुढे इथूनच सुरू होतं. त्यावर क्लासमध्ये भरपूर वेळ जातो, म्हणून इथे ते सोडून देतो.

थांबण्यातून आणखी एक पेच निघतो आणि तो मंगळावर जाऊन पोचला. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं. थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर अधूनमधून स्वतःला रीसेट करू लागला. हवामानाच्या नोंदींचं कमी महत्त्वाचं काम एक लॉक (दुसऱ्याला थांबवणारं असंच एक कुलूप) धरून बसायचं. अत्यंत महत्त्वाच्या कामाला तोच लॉक हवा असायचा, म्हणून ते थांबायचं. तेवढ्यात मधल्या महत्त्वाची कामं येऊन हवामानाच्या कामाकडून प्रोसेसर घ्यायची, त्यामुळे लॉक सुटायचाच नाही, महत्त्वाचं काम वेळेत व्हायचं नाही आणि कॉम्प्युटर रीसेट व्हायचा. गळिताच्या हंगामात अरुंद पुलावर उसाची ट्रॉली असावी, तिच्यामागे ॲम्ब्युलन्स अडकलेली, आणि पुलाच्या तोंडाशी मोटारींची रांग ट्रॉलीला बाहेरच पडू देत नसावी, तसा हा प्रकार. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. उपाय माहीत होता. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्येच त्यावर शोधनिबंध लिहिला होता. लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरती थांबलेल्याची प्रायॉरिटी द्यायची, म्हणजे ट्रॉलीलाच ॲम्ब्युलन्सचा मान द्यायचा. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या सिस्टीममध्ये ती सोय होतीही, फक्त त्या लॉकसाठी बंद ठेवलेली होती. इंजिनियरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड पुन्हा घडवून कारण पकडलं आणि इथून मंगळावर दुरुस्ती पाठवली.

ज्यांना यापुढे जायचं आहे त्यांनी एकदम लिनक्सच्या कर्नलमध्ये शिरू नये. त्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठीच बनवलेली एक्सव्ही६ नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली. कोड दहा हजार ओळींच्या आत, बहुतेक सगळा सी मध्ये, फुकट मिळणारा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या क्यूएमयू या सॉफ्टवेअरमुळे आपल्याच लॅपटॉपवर चालणारा. सुट्टीत चार जणांनी एकत्र बसून वाचावा असा. माझा आग्रह असतो की पहिला बदल एका ओळीचाच करावा. तिच्या रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-प्रकारासाठीच्या आवृत्तीत, युझर प्रोग्राम चालू असताना टायमरचा इंटरप्ट आला, की ‘यील्ड’ हे फंक्शन बोलावणारी एक ओळ आहे. ती कॉमेंट करा, पण तिच्या जागी नुसता अर्धविराम ठेवा (ती ‘इफ’च्या खालची ओळ आहे), एकच प्रोसेसर ठेवून सिस्टीम सुरू करा आणि अनंत लूपचा प्रोग्राम बॅकग्राउंडला सोडा. मग शेलमध्ये, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप करून एंटर दाबा. अक्षरं पडद्यावर उमटतात, कारण कीबोर्डचा इंटरप्ट अजूनही कर्नलपर्यंत पोचतो आणि अक्षर तिथूनच छापलं जातं. फाइलींची यादी मात्र येत नाही. शेल जागा झालेला असतो, रांगेतही असतो, पण लूपकडून प्रोसेसर काढून घेणारी ओळ आपण काढून टाकलेली आहे. ओळ परत घाला, पुन्हा कंपाइल करा, आणि यादी येते.