अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये प्रवेशापूर्वी होणारी ‘पासर’ तपासणी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी केंद्राला हे नाव आहे. मेडिकेडची (कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेची) मान्यता असलेल्या अशा केंद्रात दाखल होण्यापूर्वी प्रत्येकाची ‘पासर’ (PASRR, म्हणजे प्रवेशपूर्व छाननी व निवाशाची फेरतपासणी) ही छाननी होते, मग खर्च सरकार करणार असो वा घरचे. मनोविकार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला गरज नसताना तेथे ठेवले जाऊ नये, आणि ठेवलेच तर तो उपचारांवाचून राहू नये, म्हणून १९८७ च्या संघीय कायद्याने ती आणली.

पहिल्या टप्प्यात एक छोटा अर्ज असतो व तो बहुधा रुग्णालयातील कर्मचारीच भरतात. गंभीर मनोविकाराची किंवा बौद्धिक अक्षमतेची शंका आली, तरच राज्य सरकार दुसऱ्या टप्प्याचे सविस्तर मूल्यमापन करवते. त्याचा निर्णय सरासरी ७ ते ९ कामकाजाच्या दिवसांत अपेक्षित असतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) हेच मुख्य निदान असल्यास तो गंभीर मनोविकार धरला जात नाही. तसा वैद्यकीय अहवाल मात्र हाताशी ठेवावा. रुग्णालयातील उपचारांनंतर त्याच आजारासाठी थेट दाखल होणाऱ्यास, मुक्काम ३० दिवसांहून कमी असेल असे डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास, प्रवेशापूर्वीच्या या तपासणीतून सवलत मिळते; मुक्काम लांबल्यास प्रवेशापासून ४० दिवसांत तपासणी व्हावी लागते.

मूल्यमापनासाठी शारीरिक तपासणीचा अहवाल, मानसोपचाराच्या नोंदी, घरची परिस्थिती, दैनंदिन कामे कितपत जमतात याची माहिती आणि औषधांचा संपूर्ण इतिहास लागतो. घोटाळा होतो तो औषधांतच. भारतातून आणलेल्या पाकिटावर फक्त कंपनीने दिलेले नाव वाचून ‘झोपेची गोळी’ एवढेच सांगितले जाते, किंवा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आईचे नैराश्यावरचे औषध यादीतून गाळले जाते. तसे करू नये. काही औषधे मनोविकाराची लक्षणे झाकतात, तर काही तशीच लक्षणे निर्माण करतात, म्हणून पाकिटावरील मूळ घटकाचे नाव व मात्रा उतरवून द्यावी.

हे मूल्यमापन व्यक्तीच्या भाषेला आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीला अनुरूप असावे, असे संघीय नियम सांगतात. केवळ मराठी बोलणाऱ्या वडिलांसाठी दुभाषा आधीच मागून घ्यावा. मुलासमोर बाप मनातले सारे बोलेलच असे नाही. व्यक्तीची संमती असल्यास कुटुंबीयांना सहभागी होता येते. निर्णय लेखी मिळतो व तो मान्य नसल्यास अपील करता येते.