भजनी मंडळ (मुंबई)

ठरलेल्या वाराला किंवा तिथीला जमून टाळ-पखवाजावर अभंग गाणाऱ्या भक्तांचा गट म्हणजे भजनी मंडळ. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या तोंडी नवविधा भक्ती आली आहे: श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. दासबोधाच्या चौथ्या दशकात याच नऊ प्रकारांचे विवरण आहे. भजनात पहिले तिन्ही प्रकार एकदमच घडतात. अर्चनाला मूर्ती, सोवळे, वेळप्रसंगी पुजारी लागतो. भजनाला गळा पुरतो, आणि तो गोड असलाच पाहिजे असेही नाही. नामदेव शिंपी, सावता माळी, चोखामेळा यांच्या परंपरेने याच साधनावर भर दिला, यात नवल काही नाही.

मुंबईत भजनी मंडळे वाढली ती गिरणगावात. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. कुटुंब गावी, आणि खोलीत झोपायला जागा मिळायची तीही पाळीपाळीने. मंडळाला नाव बहुधा ग्रामदैवताचे असे. वर्गणी काढून पेटी, पखवाज आणि टाळांचे जोड घेतले जात. बैठकीची वेळ पंचांगापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर ठरे. रातपाळीचा टाळकरी मधेच टाळ शेजाऱ्याच्या हाती देऊन उठे. मुंबईच्या भजनाचा खरा विशेष मला यातच दिसतो. शहराने माणसाला जेवढा वेळ आणि जेवढी जागा उरू दिली, तेवढ्यात ते बसवले गेले.

सांप्रदायिक भजनाचा क्रम बराचसा ठरलेला असतो. बैठकीआधी पखवाजी डाव्या पुडीवर, म्हणजे चामडे ताणलेल्या तोंडावर, भिजवलेली कणीक थापतो. कणीक कमी पडली तर घुमारा येत नाही, जास्त झाली तर आवाज बसतो, म्हणून तो चिमटी-चिमटीने काढत-लावत राहतो. उजवी पुडी हातोडीने गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून पेटीच्या सुराला मिळवली जाते. मग ‘जय जय राम कृष्ण हरी’चा गजर, ‘रूप पाहता लोचनी’ हा रूपाचा अभंग, ‘सुंदर ते ध्यान’, पुढे इतर अभंग, गवळण आणि शेवटी भैरवी किंवा आरती. बुवा चरण सांगतो, बाकीचे तो उचलून धरतात. तुकारामांच्या गाथेची सरकारी मदतीने निघालेली आवृत्ती मुंबईतच इंदुप्रकाश छापखान्यात 1869 ते 1873 या काळात छापली गेली. तरी मंडळात चालते ती हाताने उतरवलेली वही. पाठभेद निघाला की वहीवाला सहसा हटत नाही.

कोकणी मंडळींनी रुजवलेली डबलबारी ही याच भजनाची चुरशीची शाखा. दोन बुवा आपापला ताफा घेऊन समोरासमोर बसतात. एकाने पुराणातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर गायचे. कोपरखळ्या, शीघ्ररचना, सिनेमाच्या चाली, सगळे चालते. जुन्या वळणाचे वारकरी यावर नाक मुरडतात. पण रात्रभर जागून पुराणकथा ऐकणारा श्रोता डबलबारीने टिकवला, हे नाकारता येणार नाही.

18 जानेवारी 1982 पासूनच्या संपानंतर गिरण्या उठत गेल्या, तशी मंडळे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे पांगली. वडाळ्याचे विठ्ठल मंदिर मात्र प्रतिपंढरपूर म्हणून अजून सगळ्यांना जोडून आहे. आषाढी एकादशीला शहरभरातून दिंड्या तिथे येतात. चाळींतून दुपारची महिला भजनी मंडळेही चालतात, आणि नव्याने टाळ धरणाऱ्यांत बायकाच अधिक दिसतात.

पांगलेल्यांची बैठक लोकलमध्ये भरू लागली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. पखवाजाला जागा नाही, म्हणून ढोलकी. तीही नसेल तर डब्याचा पत्रा. बसलेला बुवा असतो, उभे असलेले टाळकरी. मोठे स्टेशन आले की चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या रेट्यात टाळ क्षणभर छातीशी धरले जातात, आणि गाडी सुटली की त्याच चरणावरून अभंग पुढे चालू होतो.