शास्त्राची कसोटी आणि १८५७चा एक ठराव : पार्श्वभूमी

बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायातले अकरावे वचन बिरुया नगराच्या लोकांविषयी आहे. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांचे बोलणे त्यांनी उत्सुकतेने ऐकले आणि ते खरे आहे का हे पाहण्यासाठी रोज शास्त्र उघडले. प्रेषिताची शिकवण तपासली म्हणून त्यांना कोणी उद्धट म्हटलेले नाही, उलट मोठ्या मनाचे म्हटले आहे. याच अध्यायात पंधरा वचने पुढे, अथेन्समधल्या भाषणात, पौल सांगतो की देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकात या वचनाचा वापर वर्णभेदाचा शास्त्राधार म्हणून झाला. ‘एकापासून’ हा भाग मागे पडला आणि ‘सीमा’ तेवढ्या उचलल्या गेल्या.

हे करणारे, मुख्यतः आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांचे डच रिफॉर्म्ड चर्च बायबल बाजूला ठेवणारे नव्हते. घरोघरी वाचन होते, उपासनेत प्रवचनाला पहिला मान होता. ज्या विश्वासांगीकारावर, म्हणजे आपण काय मानतो हे सांगणाऱ्या जाहीर दस्तऐवजावर, हे चर्च उभे आहे, त्या १५६१च्या बेल्जिक विश्वासांगीकाराचे सातवे कलम स्पष्ट सांगते की रूढी, बहुमत, प्राचीनता, सिनडचे (चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेचे) ठराव यांपैकी कशालाही देवाच्या सत्याच्या बरोबरीला बसवू नये. आत्म्यांची पारख करा, हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वचनही त्याच कलमात आहे. म्हणजे तपासणीचा नियम घरातच होता. तो असूनही इतकी मोठी चूक पिढ्यानपिढ्या का टिकली, याचे उत्तर शोधायला एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

१८२९ साली केप वसाहतीतल्या या चर्चच्या सिनडपुढे प्रश्न आला की गोरे आणि इतर वर्णांचे सभासद प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) एकत्र घेतील की वेगवेगळे. सिनडने उत्तर दिले की रंग किंवा कूळ न पाहता सर्वांना एकत्रच भोजन द्यावे. हे देवाच्या अचूक वचनावर आधारलेले अढळ तत्त्व आहे, असेही सांगितले. तपासणी झाली, निकाल लागला आणि तो बरोबर होता. कागदावर प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

पण कुरबूर थांबली नाही. १८५०च्या दशकात पूर्व सीमेवरच्या स्टॉकनस्ट्रॉम मंडळीतल्या (स्थानिक चर्चमधल्या) काही गोऱ्या सभासदांनी वेगळ्या प्रभुभोजनाची मागणी केली आणि प्रकरण वर जात जात १८५७च्या सिनडपुढे आले. तिथे जो ठराव झाला त्याचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही नीट वाचायला हवेत. पहिला भाग म्हणतो : मूर्तिपूजकांमधून आलेल्या विश्वासणाऱ्यांना शक्य तिथे सध्याच्याच मंडळ्यांत सामावून घेणे इष्ट आहे आणि शास्त्राला धरून आहे. दुसरा भाग म्हणतो : पण काहींच्या दुर्बलतेमुळे या गोष्टीने ख्रिस्ताच्या कार्यात अडथळा येत असेल, तर नव्या विश्वासणाऱ्यांनी आपले ख्रिस्ती हक्क वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या संस्थेत उपभोगावेत.

या ठरावाच्या बाजूने सांगितले जाते की तो तडजोडीचा होता, मिशनकार्य खोळंबू नये एवढाच हेतू होता, वेगळ्या मंडळ्यांत लोकांना आपल्या भाषेत उपासना करता येत होती. यात तथ्य आहे. ठराव मांडणारे आणि त्याला हात वर करणारे पाळक मिशनकार्याविषयी मनापासून कळकळ असलेले होते. तरीही माझ्या मते सारी गाडी इथेच रुळावरून घसरली, आणि ते शास्त्र नाकारल्यामुळे घडले नाही. शास्त्र काय म्हणते हे मान्य करून, ठरावात लिहून, मग ते बाजूला ठेवले गेले. जो शास्त्राच्या विरुद्ध जातो त्याला दाखवता येते की तू विरुद्ध जात आहेस. जो आधीच म्हणतो ‘होय, शास्त्र तसेच सांगते, पण सध्या लोकांना झेपत नाही’, त्याला कोणते वचन दाखवायचे?

दुर्बलांना सांभाळून घ्या, असे पौल रोमकरांस पत्रात सांगतो हे खरे. तिथे विषय मांस खावे की भाजीपाला आणि कोणता दिवस पाळावा, हा आहे. एका मेजावर कोणी कोणाबरोबर जेवायचे हा प्रश्न गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येतो. अंत्युखियात यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवणारा पेत्र, याकोबाकडून माणसे आल्यावर, त्यांना भिऊन वेगळा बसू लागला. पौलाने तिथे कोणाच्या दुर्बलतेची सबब चालू दिली नाही. पेत्राला त्याने सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला, कारण त्याचे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नव्हते. स्टॉकनस्ट्रॉमच्या प्रश्नाला इतके जवळचे उदाहरण नव्या करारात दुसरे नाही. ठरावात त्याचा मागमूस नाही. आणि ‘दुर्बल’ कोण हे ज्यांनी ठरवले ते गोरे होते, दुर्बलही गोरेच होते, इमारत मात्र दुसऱ्यांनी बदलायची होती.

अपवादाचा नियम व्हायला फार वेळ लागला नाही. १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले, पुढे कृष्णवर्णीयांसाठी वेगळी चर्चेस झाली आणि १९६८ साली भारतीय वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठीही वेगळे. एकाच विश्वासांगीकाराची, वर्णाप्रमाणे पाडलेली चार घरे. दरम्यान दुर्बलतेची भाषा गळून पडली आणि तिच्या जागी सिद्धान्त आला. १९४४ साली ब्लूमफाँटेनच्या लोकपरिषदेत आफ्रिकान्स बायबलच्या एका प्रमुख अनुवादकाने मांडले की सृष्टीच्या आरंभी प्रकाश आणि अंधार वेगळे करणारा देव हा वेगळे करणाराच देव आहे, आणि बाबेलच्या बुरुजाशी त्यानेच राष्ट्रे पांगवली. १८५७ साली जे नाइलाजाने चालवून घेतले होते ते आता देवाची योजना ठरले. १९४८ नंतर सरकारने कायदे केले तेव्हा धर्मशास्त्र तयार होते.

विरोध आतूनही झाला, हे विसरता कामा नये. १९४०च्या दशकातच ट्रान्सवाल प्रांताच्या सिनडमध्ये एका पाळकाने या धोरणाला शास्त्राधार नाही असे उभे राहून सांगितले. शार्पव्हिल इथे पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर केलेल्या गोळीबारानंतर, डिसेंबर १९६०मध्ये, जोहान्सबर्गच्या कॉट्सलो वसतिगृहात अनेक चर्चेसचे प्रतिनिधी एकत्र बसले. रंगामुळे कोणालाही कोणत्याही चर्चमधून वगळता येत नाही, मिश्रविवाहाला बंदी घालणारा शास्त्राधार नाही, असे त्यांचे निवेदन म्हणते. डच रिफॉर्म्डच्या केप आणि ट्रान्सवालच्या प्रतिनिधींनी त्याला संमती दिली होती. पंतप्रधान नाराज झाले आणि काही महिन्यांत सिनडांनी आपल्याच प्रतिनिधींचे काम फेटाळून लावले. त्या प्रतिनिधींपैकी एका पाळकाने माघार घेतली नाही. १९६३ साली ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ या वचनावर प्रवचन करून त्यांनी मंडळी सोडली. पुढे सरकारने त्यांच्या सार्वजनिक वावरावर सात वर्षे बंदी घातली. १९७४चा चर्चचा अहवाल पुन्हा बाबेल आणि कृत्ये १७:२६ यांच्याकडेच गेला.

दुरुस्ती आली ती ज्यांना वेगळ्या इमारतीत पाठवले होते त्यांच्याकडून. ऑगस्ट १९८२मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक सभा भरली. आमच्या देशात ज्यांच्या मेजावर आम्हांला जागा नाही, त्यांच्याबरोबर इथे आमचे एकच मेज आहे असे भासवणार नाही, अशी भूमिका घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या काही प्रतिनिधींनी प्रभुभोजन घेतले नाही. सभेने वर्णभेदाला पाप म्हटले, त्याच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवले आणि त्या देशातल्या दोन गोऱ्या चर्चेसचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी मिशन चर्चने केपटाऊनजवळच्या बेलहारला नवा विश्वासांगीकार लिहिला. १९८६ साली तो स्वीकारला गेला. त्याच्या सोबतच्या पत्रात लिहिणारे म्हणतात की अंगीकार ही दुधारी तलवार आहे, आमच्यापैकी कोणीही पहिला दगड मारू शकत नाही, डोळ्यात मुसळ नसलेला आमच्यात कोणीही नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी हे लिहिले आहे. नम्रपणे दोष दाखवणे म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते पत्र वाचावे.

१९८६ साली गोऱ्या चर्चने सक्तीच्या विलगीकरणाला बायबलची आज्ञा मानता येत नाही असे म्हटले आणि सभासदत्व सर्वांना खुले केले. लगेच १९८७ साली हजारो लोक फुटून निघाले आणि त्यांनी केवळ गोऱ्यांचे नवे चर्च काढले. नोव्हेंबर १९९०मध्ये रस्टनबर्गच्या परिषदेत स्टेलनबॉशचे एक धर्मशास्त्राचे प्राध्यापक बोलायला उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या पापाची, मग आपल्या चर्चच्या आणि आफ्रिकान्स समाजाच्या वतीने अपराधाची कबुली दिली. कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि त्यांनी ती स्वीकारली. त्यावरून दोन्ही बाजूंनी वाद झाले. काही गोऱ्यांना वाटले, आमच्या वतीने बोलायला याला कोणी सांगितले? काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना वाटले, आमच्या वतीने क्षमा करायला टुटूंना कोणी सांगितले? दुसऱ्या दिवशी डच रिफॉर्म्डच्या अधिकृत प्रतिनिधींनी ती कबुली आपलीच असल्याचे सांगितले. १९९४च्या सिनडने कॉट्सलोच्या त्या पाळकाला सन्मानाने परत बोलावले, आणि १९९८ साली रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने सभासदत्वावरची स्थगिती उठवली.

बेलहारचा विश्वासांगीकार मात्र अजून अडून आहे. गोऱ्या आणि इतर चर्चेसच्या एकीकरणाच्या बोलण्यांत तो स्वीकारावा ही अट वारंवार पुढे आली. २०११च्या सिनडने तो अंगीकारांत घेण्याची दिशा धरली, पण २०१५पर्यंत झालेल्या मतदानात विभागीय सिनडांमधून लागणारे दोन तृतीयांश मत जमले नाही. विरोध करणाऱ्यांपैकी अनेक जण म्हणतात की मजकूर शास्त्राविरुद्ध नाही, पण आमच्या मंडळ्या अजून तयार नाहीत.