सोडचिठ्ठी (सातारा–सांगली परिसर)

नवरा-बायको वेगळे झाल्याचा, भावकी आणि पाहुण्यांच्या बैठकीत लिहिला जाणारा कागद. फारकत व काडीमोड हे त्याच अर्थाचे जुने शब्द; पैकी काडीमोड हा गवताची काडी मोडून नाते तुटल्याचे जाहीर करण्याच्या रीतीवरून आला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत असा कागद आजही होतो. पूर्वी तो शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक आल्यापासून पाचशेच्या स्टॅम्पवर होतो. मजकूर बहुधा ठरलेला असतो : पटत नाही, दागिने-भांडी परत पोचली, यापुढे एकमेकांवर हक्क नाही, पोटगी मागणार नाही, मूल अमक्याकडे राहील. खाली पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का.

या शिक्क्याने हिंदू विवाह मोडत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. कलम २९(२) मध्ये रूढीने मान्य असलेल्या काडीमोडीला अपवाद ठेवला आहे, आणि गैरसमजाचे मूळ बरेचसे तिथेच आहे. शेतकरी जातींत काडीमोड आणि नंतर पाट लावणे (बाईचे दुसरे लग्न) पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, म्हणून ‘आमच्यात चालते’ असे बैठकीत सहज म्हटले जाते. न्यायालयात मात्र ती रूढी प्राचीन, निश्चित आणि अखंड असल्याचे पुराव्याने सिद्ध करावे लागते. पंचांनी तसे सांगितले एवढ्यावर भागत नाही.

मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच आला होता. परस्परसंमतीची वाट १९७६ च्या दुरुस्तीने उघडली : किमान वर्षभर वेगळे राहिलेल्या जोडप्याने एकत्र अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहायचे. योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. बैठकीत ठरलेल्या अटी या अर्जात घालता येतात. मग त्या न्यायाधीशासमोर वाचल्या जातात, बाईची संमती खरी आहे का हे तिलाच विचारले जाते. बैठकीत ती बहुतेक वेळा आतल्या खोलीत असते.

कागदावर विसंबून कोणी दुसरे लग्न केले, तर ते लग्न रद्दबातल ठरते आणि पहिले लग्न टिकून असताना दुसरे केल्याचा (द्विविवाहाचा) गुन्हाही लागू शकतो. अशा लग्नाची मुले कायद्याने औरस मानली जातात. आईची स्थिती मात्र डळमळीत राहते.

त्याहून मोठा धोका पोटगीत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे पोटगीविषयीचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. दोघे आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ज्या कागदाने घटस्फोट मिळत नाही, तोच कागद ‘ही राजीखुशीने माहेरी गेली’ म्हणून तिच्यापुढे धरला जातो. पोटगीवर पाणी सोडल्याची अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे, पण तिथवर पोचायला तिला तारखांमागून तारखा काढाव्या लागतात. सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवा, एवढे सांगणारे माणूस बैठकीत असायला हवे.

मुलाचा हक्क तर आई-बापांपैकी कोणालाच लिहून देता येत नाही. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहावे, असे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पुढे निर्णय होतो तो मुलाच्या हितावर. ‘मुलगा वंशाचा, तो इकडे’ हा युक्तिवाद कायद्यात कुठेच नाही. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मागता येतो, आणि मुलाच्या खर्चाची जबाबदारी बापावर राहतेच.

रक्कम ठरवताना या भागात खरी अडचण उत्पन्नाची येते. ऊस सासऱ्याच्या नावावर, द्राक्षबाग सामाईक, नवरा गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते व पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात. सातबारा, कारखान्याची ऊसबिले, बँकेचे उतारे तिथे उपयोगी पडतात. सातारा जिल्ह्यात फौजी घरे पुष्कळ. लष्कर कायदा, १९५० नुसार जवानाच्या पगारातून पत्नी-मुलांसाठी कपात करता येते. मिरजेसारख्या गावांतील मुस्लिम स्त्रियांनाही कलम १२५ चा (आताच्या १४४ चा) आधार आहे, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

न सोडलेल्या, न नांदवलेल्या बायकांचा प्रश्न याच मातीतून चळवळ होऊन पुढे आला. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. ‘टाकलेली’ या शब्दाऐवजी परित्यक्ता म्हणण्यात मोठा फरक होता.

घटस्फोट आणि पोटगी, दोन्हींचा अर्ज पत्नीला आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो. कराडला माहेर असलेलीने त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने दोन्ही जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली अपिले आता तिथेच चालतात.